ऐंशी नंबरचा तंगूस

बंकापुरे काका कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्यानं हात पुढे केला, की ते हात सोडून त्याच्या मनगटाजवळची बाही चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे, अंगठ्यानं कापड दोनदा चोळायचे आणि निकाल द्यायचे. माझा निकाल असा लागला : "चाळीस काउंट. डब्यावर साठ लिहिलं होतं का? फसवलं तुम्हाला." तो शर्ट बायकोनं वाढदिवसाला दिलेला होता आणि ती शेजारीच उभी होती.

काका मूळचे इचलकरंजीचे. उभी हयात सूतगिरणीत गेली, शेवटी तिथले तांत्रिक मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. २००६च्या उन्हाळ्यात ते आणि काकू ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहणाऱ्या मुलाकडे, विश्वासकडे आले. सहा महिन्यांचा मुक्काम. काकूंचे गुडघे पार गेले होते आणि विमानातून उतरताना त्यांनी जाहीर केलं होतं, की हा प्रवास पहिला आणि शेवटचा.

माझ्याबद्दल एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. गाडी पेट्रोलवर चालते तसा मी अपराधी भावनेवर चालतो. ऑफिसात सुट्टी घेतली तर टीमबद्दल वाईट वाटतं, नाही घेतली तर घराबद्दल. अमरावतीला आईला फोन केला की फोनकार्ड संपेपर्यंत मी माफीच मागत असतो; ती विचारते, "अरे, पण केलंस काय?" तर काही केलेलं नसतं. अशा माणसाकडे कुणी काही मागितलं तर त्याच्याकडे 'नाही' हा शब्दच शिल्लक नसतो. काकांनी हे बाहीवरूनच ओळखलं असावं.

आमच्या घरांच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं एक तळं आहे. तिथे एका सकाळी काका गळ टाकताना दिसले. म्हणजे टाकायचा प्रयत्न करताना. हातात नवी कोरी काठी, तिच्यावर चहाच्या कपाएवढं रीळ, आणि त्या रिळावर विजेच्या तारेइतका जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. काका काठी जोरात फिरवायचे. तंगूस रिळावरून स्प्रिंगसारखा उसळायचा आणि गळ त्यांच्याच बुटांपाशी येऊन पडायचा.

"काका, हा जरा जाड नाही का?"

"जाड? ऐंशी नंबर आहे! दुकानात याच्याहून बारीक नव्हता."

मी रिकामं खोकं उचलून बघितलं. ऐंशी पौंड. शार्क ओढायला वापरतात तो.

चूक कुठे झाली ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सुताच्या दुनियेत काउंट जितका मोठा, तितकं सूत बारीक. वीस म्हणजे जाडभरडं, ऐंशी म्हणजे मलमल. काकांनी दुकानातल्या फळीवर वीसचा सोडला, चाळीसचा सोडला आणि अभिमानानं ऐंशीचा उचलला. तंगुसाच्या दुनियेत आकडा म्हणजे किती वजन पेलेल ते, आणि मोठा आकडा म्हणजे जाड. मी भीत भीत सांगितलं. काकांनी खोकं माझ्याकडून घेऊन आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे हे लोक सूत उलटं मोजतात."

"हो."

"मग सगळं पहिल्यापासून शिकायला पायजे."

आणि ते शिकले. दोन महिन्यांत विश्वासच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नाही. विश्वासची समजूत अशी, की बाबांना मोकळी हवा मिळते, मासा काही लागत नाही, तेव्हा घराच्या शाकाहाराला धोका नाही. तसा तो नव्हताच, कारण काका स्वतः इतके कडक शाकाहारी, की जिवंत कोळंबीचा चारा गळाला लावायला त्यांनी साफ नकार दिला. रबराची कोळंबी लावायचे. "व्हेज आहे," म्हणायचे. दुकानातल्या मुलीलाही त्यांनी रबरी कोळंबीचं खोकं दाखवून 'व्हेज?' असं विचारल्याचं मी ऐकलं आहे. तिनं गंभीरपणे 'येस सर' म्हटलं.

त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं : "आधी धोटा, मग सूत, मग पाणी." धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळतो तो, इथे त्याचा अर्थ रीळ. आधी रीळ कुठलं आहे बघा, त्याला झेपेल तो तंगूस निवडा, आणि शेवटी पाणी कसं आहे बघून त्यात फेरफार करा. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की ऑफिसात सॉफ्टवेअर निवडतानाही माझ्या तोंडून एकदा 'आधी धोटा' निघून गेलं.

"हे बघा वानखडेसाहेब," ते गॅरेजमध्ये स्टुलावर बसून सांगायचे, "हे रीळ जागचं हलत नाही. तंगूस त्याच्या तोंडावरनं वेटोळी घेत सुटतो. याला बारीक आणि मऊच पायजे. ताठ घातला की उसळणार. आणि हे दुसरं, हे आख्खं रीळच फिरतं. याला जाड चालतो. पण अंगठा ठेवायचा वर. नाहीतर रीळ पुढं पळतंय आणि तंगूस मागं राहतोय. मागावर सूत सोडणाऱ्या बीमला ब्रेक नसला की काय होतं?"

"काय होतं?"

"सत्यानाश!"

मालाची नावंही त्यांनी आपली ठेवली होती. साधा नायलॉनचा तो तंगूस. त्याचा स्वभाव त्यांना आवडायचा : "ताणला की थोडा येतो, समजूतदार आहे. पण पाणी पितो, आणि ह्या तुमच्या ह्यूस्टनच्या उन्हात ठेवला की वर्षात म्हातारा." बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जिला इथे ब्रेड म्हणतात, ती वेणी. वेणी बारीक असून भक्कम, अजिबात न ताणणारी. मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. पण गुळगुळीत असल्यामुळे रिळावरच गोल घसरते, म्हणून तिच्याखाली आधी साध्या तंगुसाचे चार फेरे द्यायचे. हे अस्तर. आणि वेणी माशाला दिसते, खडकाला घासली की तुटते, म्हणून गळाच्या बाजूला हातभर फ्लोरोकार्बनचा तंगूस जोडायचा. तो पाण्यात दिसत नाही आणि घासला तरी टिकतो. त्याचं नाव पदर. अस्तर, वेणी, पदर. नीता, माझी बायको, म्हणाली, "हे मासे पकडतायत की मुलीचं लग्न करतायत?"

गणपतीच्या जेवणाला काकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कोपऱ्यात गाठून रिळावर तंगूस उलटा भरला तर त्याला पीळ कसा पडतो आणि मग त्याच्या गाठी कशा होतात यावर व्याख्यान दिलं. पीळ घालवायचा उपायही सांगितला, पुन्हा पहिल्यापासून. घरी येताना माझी ईशा गाडीत म्हणाली, "बाबा, ही इज सच अ पीळ!" इथल्या मुलांचं मराठी बेतास बात, पण हा शब्द त्यांना बरोबर ठाऊक. दोन दिवसांत 'पीळ काका' हे नाव गल्लीभर झालं.

काकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "पोरं मला पीळ काका म्हणतात. किती लक्ष देऊन ऐकलं हो त्यांनी!"

मी मान डोलावली. रात्री नीताला म्हणालो, मला फार वाईट वाटतंय. ती म्हणाली, तुला कधी चांगलं वाटलंय?

दर शनिवारी पहाटे मी त्यांना समुद्रावर, गॅल्व्हस्टनला घेऊन जाऊ लागलो. पहिल्यांदा मी नुसतं 'जाऊ या कधी तरी' म्हटलं होतं, शिष्टाचार म्हणून. दुसऱ्याच दिवशी काका टोपी घालून दारात. रस्ताभर ते नेटवरून छापून आणलेला नकाशा मांडीवर धरून बसायचे आणि आधीच येऊन गेलेली वळणं सांगायचे. समुद्रात लांबवर गेलेला दगडांचा धक्का आहे, तिथे आम्ही उभे राहायचो. मासा लागायचा नाही. म्हणजे आमच्या डाव्या-उजव्या बाजूच्या सगळ्यांना लागायचा. आमचा निम्मा वेळ पदर बदलण्यात जायचा. पाणी गढूळ, जाड पदर लावा. पाणी निवळलं, बारीक लावा. वारा फिरला, वेणीच्या जागी साधा तंगूस. एकदा मी धीर करून म्हणालो, "काका, गळ पाण्यात असला तर शक्यता वाढते."

"घाई नको," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, पाण्याकडे बघत : "पण एक पायजे हो. एकच. परत जायच्या आत."

ऑक्टोबर लागला. महिन्याअखेरीचं तिकीट होतं.

त्यानंतरच्या शनिवारी लागला. काठी वाकली, काकांनी "ओ! ओ! ओ!" असा गजर करत रीळ फिरवलं आणि एक चंदेरी, अंगावर काळे ठिपके असलेला मासा दगडावर आला. काकांनी पट्टी लावली. सरकारनं ठरवलेल्या मापाला दोन बोटं कमी, म्हणजे सोडून द्यावा लागणार.

"काका, कोण बघतंय?" मी म्हणालो. मी! ज्याला चुकून पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली तर झोप येत नाही, तो मी.

"सूत कमी भरलं तर पावतीवर जास्त लिहायचं नसतं," म्हणत त्यांनी काठीच्या टोकानंच, हात न लावता, कसंबसं त्याला गळावरून सोडवून पाण्यात ढकललं.

परतताना काकांनी नकाशाही उघडला नव्हता. मीच म्हणालो, "एवढंच आहे तर बेलेअरला व्हिएतनामी दुकान आहे, ताजा फडफडीत मिळतो. विकत घेऊ."

"विकतचा नाही चालत. पैजच तशी आहे." आणि मग त्यांनी सांगितलं.

काकू देवगडच्या. गिरणीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या होत्या. काकांच्या घरी कांदासुद्धा परवानगी काढून आत यायचा. लग्न ठरलं तेव्हा काकांच्या आईनं एकच अट घातली : मासा ह्या उंबऱ्याच्या आत नाही आणि सुनेच्या पोटातही नाही. काकू 'बरं' म्हणाल्या. काकांनी त्या रात्री तोंड पाडून माफी मागितली, तर त्या हसल्या.

"काय म्हणाली सांगू? म्हणाली, 'मी मासे सोडले. आता तुम्ही स्वतःच्या हातानं धरून आणाल त्या दिवशी खाईन.' चेष्टा करत होती. मी झुरळ बघून पलंगावर चढणारा माणूस, तिला ठाऊक होतं."

"मग?"

"आई गेली. मी म्हटलं, आता खा की. तर म्हणाली, 'सोडले ते सोडले. तुम्ही आणा धरून.' तरी चेष्टाच. पण खाल्लं नाही हो तिनं. कधीच नाही. विश्वासला तर पत्ताच नाही आपली आई मासे खाणारी."

"मग तिकडेच का नाही धरलात? पंचगंगा काय लांब होती?"

"बंकापुरे मॅनेजर पंचगंगेवर गळ टाकून बसला असता, तर तिन्ही पाळ्या सोडून आख्खी गिरणी बघायला आली असती! इथं कोण ओळखतंय मला?" त्यांनी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना सपाट टेक्सस पळत होतं. "तिथं गेल्यावर मी परत तोच मॅनेजर. इथं झालं तर झालं."

शेवटच्या शनिवारी समुद्र ओळखू येईना. एरवी आमच्या वाट्याला चहासारखं पाणी. त्या दिवशी वारा पडलेला, आणि पाणी हिरवं, नितळ, खालचे दगड दिसावेत इतकं. काकांनी पाण्याकडे पाहिलं, पिशवी उघडली, आणि मी मनातल्या मनात तासाभराची आशा सोडली. पण त्यांचे हात त्या दिवशी वेगळेच चालले. जागचं न हलणारं रीळ घेतलं. त्यावरची बारीक वेणी तशीच ठेवली. पुढचा जाड पदर कापून टाकला आणि बारीक, पण चांगला दोन्ही हात पसरल्याएवढा, वावभर लांब पदर जोडला. गाठ थुंकीनं ओली करून ओढली. पदर अंगठ्याखालून सरकवत नेला, एका ठिकाणी थांबले, तिथे खरचटलेलं होतं, तेवढा तुकडा कापून परत गाठ मारली. सगळं तोंडातून एक शब्द न काढता. मला चुकल्यासारखं झालं.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला काठी वाकली. रीळ कर्रकर्र वाजायला लागलं.

"घ्या! घ्या तुम्ही!" काका ओरडले आणि काठी माझ्या छातीवर ढकलली. मी धरायला हात पुढे केला, तर तेवढ्याच जोरात मागे खेचली. "नको! हात लावू नका! लांब व्हा!"

मी लांब झालो. काका सोडत होते, ओढत होते, कुणाशी तरी बोलत होते. "ये की रे. ये. तसं नको, दगडात जाऊ नको, पदर फाटंल." मासा वर आला. मापाहून चांगला चार बोटं जास्त. दगडावर तो आपटत राहिला आणि काका त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले.

"काका, जाळी देऊ का?"

"हातानं म्हणाली होती ती."

त्यांनी बाह्या सरसावल्या. दोनदा हात नेला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा डोळे मिटून धरला. मासा त्यांच्या दोन्ही मुठींत थडथडत होता आणि काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण सोडला नाही. पेटीतल्या बर्फात ठेवल्यावर त्यांनी पाठ वळवली आणि समुद्राकडे तोंड करून पुटपुटले, "माफ कर बाबा." अपराधाच्या बाबतीत मी जाणकार आहे. हा अस्सल होता, आणि त्याच्यासोबत आनंदही होता. हे दोन्ही एका माणसात एका वेळी मावतात, हे मला नवीन होतं.

विश्वासच्या घरी नेणं शक्यच नव्हतं. पेटी आमच्या स्वयंपाकघरात आली. काकांनी फोन लावला. "सुमन, वानखड्यांकडं ये. काही नाही. ये तू."

काकू काठी टेकत आल्या. काका पेटीचं झाकण उघडं धरून शिपायासारखे उभे.

"हे काय?"

"मासा."

"ते दिसतंय. कुणी धरला?"

"मी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काठीलासुद्धा हात लावू दिला नाही, काकू."

"आणि हातात कुणी घेतला?"

काकांनी नुसते दोन्ही तळवे पुढे केले. अजून खवले चिकटलेले होते. काकू ते तळवे बघत राहिल्या. ईशासुद्धा कानातली गाणी काढून दारात उभी राहिली. मग काकू खाकरल्या.

"ढोम्याच्या जातीतला दिसतो. झाकण काय उघडं टाकलंय, बर्फ वितळला की! हात धुवा ते. नीता, विळी आहे का गं?"

विळी नव्हती, सुरी होती. सुरीला नावं ठेवत काकूंनी मासा साफ केला. हाताला एकदाही विचार करावा लागला नाही. मान, पोट, कल्ले. हिलक्रॉफ्टच्या देशी दुकानातलं कोकम नीतानं काढून दिलं. तिरफळं नाहीत म्हटल्यावर काकूंनी "अगो बाय!" म्हटलं आणि नारळ वाटायला घेतला. तुकड्यांना मीठ-हळद लावताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बघूया रे तुका." काका दचकले. ही बोली त्यांनी लग्नानंतर काकूंच्या तोंडून ऐकली नव्हती.

"काका, तुम्ही बाहेर बसा, वास येईल," नीता म्हणाली.

"बाहेरच बसायची सवय आहे त्यांना," काकू कढईकडे बघत म्हणाल्या. "देवगडला आमच्या घरी एकदाच आले होते, लग्नानंतर. पडवीत बसून केळं खाल्लं आणि आठच्या एस्टीनं परत. सासूबाईंनी बजावलं होतं, आत गेलास तर आंघोळ करून ये."

काकांनी डायनिंग टेबलाची एक खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात, गॅसजवळ आणून ठेवली आणि तिच्यावर बसले. खिशातून रुमाल काढला, नाकाजवळ नेला, आणि घडी घालून परत ठेवला.

काकूंनी पहिला घास उभ्यानंच खाल्ला, ओट्याशी. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग नीतानं त्यांना खुर्ची दिली आणि त्या काकांच्या समोर बसून जेवल्या. शेवटी काटा तेवढा उरला, स्वच्छ, कंगव्यासारखा.

काका दहीभात पुढे घेऊन बसले होते, खाल्ला नव्हता. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी असाच वास यायचा का?"

"संध्याकाळी. आई चूल पेटवायची तेव्हा."

"चूल कुठं होती?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हातानं त्यांची दहीभाताची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"खा आधी," त्या म्हणाल्या. "पडवीपर्यंत तुम्ही आला होतात. तिथून पुढं सांगते."